खाल्लेलं अंगी का लागत नाही? कर्करोगातली स्नायूंची झीज आणि आहारातली मेदाम्लं

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा अंगमेहनतीवर उभा राहिला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग एमआयडीसी, टेल्को, बजाज आणि अलीकडे चाकणची वाहन-वसाहत. इथल्या प्रेसशॉपमध्ये, असेंब्ली लाइनवर किंवा गोडाऊनमध्ये आठ तास उभं राहणाऱ्या माणसाला कर्करोग झाला, तर घरच्यांना गाठीच्या आधी दिसते ती उतरणारी अंगकाठी. पँट कमरेवर राहत नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात, हेल्पर म्हणून लागलेल्या मुलालाही वडिलांचा दंड आपल्यापेक्षा बारीक वाटू लागतो. संत तुकारामनगरचं वायसीएम असो, मोहननगरचं ईएसआय रुग्णालय असो की परळचं टाटा, आहारतज्ज्ञाच्या टेबलापाशी प्रश्न तेच असतात: तेल बंद करायचं का? तूप चालेल का? माशाच्या तेलाच्या गोळ्या आणू का? नातेवाईक जवस म्हणतात, देऊ का?

हे प्रश्न भाबडे नाहीत. आहारातली मेदाम्लं कर्करोगातली स्नायूंची झीज रोखू शकतात का, यावर जगभरात पस्तीसहून जास्त वर्षं काम चाललं आहे. त्यात मोठ्या आशा आल्या, मोठ्या चाचण्या झाल्या, आणि आज दोन प्रतिष्ठित वैद्यकीय संघटना त्याच पुराव्यावरून दोन वेगळे सल्ले देतात. हा वाद कुठे येऊन ठेपला आहे, आणि त्यातलं आपल्या ताटापर्यंत काय पोचतं, ते पाहू.

उपास वेगळा, खंगणं वेगळं

निरोगी माणूस उपाशी राहिला की शरीर काटकसर करतं. आधी चरबी वापरतं आणि स्नायू जमेल तितके राखतं. कर्करोगात ही काटकसर मोडते. चरबी जाते आणि तिच्याबरोबर स्नायूही जातात. वैद्यकात याला कॅकेक्सिया म्हणतात. २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने केलेली व्याख्या आज सर्वमान्य आहे: सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन घटणं, आणि माणूस आधीच किडकिडीत असेल किंवा त्याचे स्नायू कमी असतील तर दोन टक्क्यांहून जास्त. व्याख्येतलं दुसरं विधान घरच्यांनी नीट ऐकण्यासारखं आहे: ही झीज नेहमीच्या पोषणाने पूर्णपणे भरून येत नाही. तिच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. शेवटच्या पायरीवर उपचार फारसा लागू पडत नाही, म्हणून आशा असते ती पहिल्या दोन पायऱ्यांवर.

कारणांचा उलगडा टप्प्याटप्प्याने झाला. १९८५ साली कळलं की प्राण्यांना खंगवणारा ‘कॅकेक्टिन’ आणि गाठ मारणारा टीएनएफ हे एकच प्रथिन आहे. त्याला इंटरल्यूकिन-६ सारख्या दाह वाढवणाऱ्या इतर रेणूंची साथ मिळते. हे रेणू स्नायूतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा चालू करतात. त्या यंत्रणेतली दोन मुख्य एन्झाइमं २००१ मध्ये सापडली. दुसरीकडे, खाल्लेल्या प्रथिनापासून नवा स्नायू बांधण्याचं काम मंदावतं. वाळू-सिमेंट दारात येऊन पडलं, पण गवंडीच संपावर गेला, अशी ही अवस्था.

नुसत्या भरपूर कॅलरींनी काम भागत नाही, हेही याच काळात दिसलं. १९७०-८० च्या दशकांत अमेरिकेत केमोच्या रुग्णांना शिरेतून पूर्ण पोषण देऊन पाहिलं. आयुष्य वाढलं नाही, जंतुसंसर्ग मात्र वाढले. १९८९ साली तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने हा प्रकार सरसकट करू नये असं सांगितलं. तरीही वजनाचं महत्त्व कमी झालं नव्हतं. १९८० च्या एका अभ्यासात तीन हजारांहून जास्त रुग्ण पाहिले होते, आणि केमोपूर्वी वजन घटलेल्यांचं आयुर्मान बहुतेक कर्करोगांत कमी निघालं होतं. म्हणजे झीज तर थांबवायला हवी, आणि नुसत्या कॅलरींनी ती थांबत नाही. या कोंडीतून संशोधक मेदाम्लांकडे वळले.

मेदाम्लं: गुन्हेगार की मदतनीस?

इथे एक गोंधळ आधीच दूर करायला हवा. शरीरातल्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं आणि ताटातून येणारी मेदाम्लं यांचं संशोधन दोन वेगळ्या वाटांनी चालतं.

पहिल्या वाटेवर मेदाम्लांवर संशय आहे. २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या प्रयोगात, चरबी विरघळवणारं एक एन्झाइम काढून टाकलेल्या उंदरांची चरबी तर वाचलीच, शिवाय गाठ असूनही त्यांचे स्नायू पुष्कळसे टिकले. २०१६ साली ‘नेचर मेडिसिन’मधल्या अभ्यासाने दाखवलं की कर्करोगाच्या स्रावांमुळे स्नायूपेशी मेदाम्लं बेसुमार जाळतात आणि त्या ताणाखाली आक्रसतात. हे वाचून कुणी रुग्णाचं तेल बंद केलं तर मात्र अनर्थ होईल. उलट, वजन घटत असेल आणि इन्शुलिनचा परिणाम मंदावला असेल, तर पिठूळ पदार्थांच्या तुलनेत स्निग्धांशातून येणारी ऊर्जा वाढवावी, असा युरोपीय पोषणतज्ज्ञांचा सल्ला आहे. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात. दोन घास खाऊन थकणाऱ्या माणसाला त्याच दोन घासांत जास्त ऊर्जा देण्याचा याहून सोपा मार्ग घरात दुसरा नाही. भातावर तूप, पेजेत चमचाभर शेंगदाणा तेल, हे अपथ्य नाही.

दुसऱ्या वाटेवर ओमेगा-३ आहे, त्यातही ईपीए आणि डीएचए ही माशांत मिळणारी लांब साखळीची मेदाम्लं. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात मायकेल टिस्डेल यांनी १९९० च्या सुमारास गाठ असलेल्या उंदरांना माशाचं तेल दिलं आणि त्यांचं वजन घटणं रोखलं. पुढे त्यांच्या गटाने गाठीतून निघणारा, स्नायू मोडणारा एक घटक शोधल्याचं १९९६ मध्ये जाहीर केलं, आणि ईपीए त्याला आवर घालतं असं मांडलं. माणसात या घटकाचं स्थान पुढे शंकास्पद ठरलं. दाहाचा धागा मात्र टिकला. ईपीए पेशीच्या आवरणात शिरून अ‍ॅराकिडोनिक आम्लाची जागा घेतं, त्यामुळे दाह पेटवणारे रेणू कमी बनतात. आणखी एक शक्यता मला जास्त विचार करण्यासारखी वाटते. २०११ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे ६५ वर्षांपुढच्या निरोगी लोकांना आठ आठवडे ओमेगा-३ दिलं. अमिनो आम्लं आणि इन्शुलिन मिळाल्यावर स्नायूबांधणीचा त्यांचा वेग आधीपेक्षा वाढला. म्हणजे ओमेगा-३ स्वतः स्नायू बांधत नाही, प्रथिन समोर आलं तर ते वापरायला स्नायूला तयार करतं. प्रथिनच नसेल तर तेल कुणाला मदत करणार?

एडिंबरामधले चढउतार

या विषयाचा खरा इतिहास एडिंबरामध्ये घडला. तिथले शल्यचिकित्सक केनेथ फिअरन आणि त्यांचे सहकारी स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्या रुग्णांवर काम करत. या आजारात माणूस डोळ्यांदेखत वाळतो. १९९६ साली त्यांच्या गटाने १८ रुग्णांना माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या. त्याआधी हे रुग्ण महिन्याला सरासरी जवळपास तीन किलो गमावत होते. तीन महिन्यांनी वजन स्थिरावलं होतं, किंचित वाढलंही होतं. १९९९ मध्ये २० रुग्णांना माशाचं तेल घातलेलं पोषक पेय दिलं, तेव्हा सात आठवड्यांत वजन साधारण दोन किलो वाढलं. या आजारात वजन वाढणं हीच बातमी होती. दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता.

मग याच गटाने मोठी चाचणी केली, आणि तिच्यातच सगळ्या वादाची मुळं आहेत. २०० रुग्ण, अर्ध्यांना ईपीए घातलेलं पेय, अर्ध्यांना तितक्याच कॅलरी आणि तितकंच प्रथिन असलेलं साधं पेय, आठ आठवडे. २००३ साली निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. पण आकडे बारकाईने पाहिले की तीन गोष्टी दिसतात. चाचणीपूर्वी महिन्याला तीन किलोंहून जास्त घट होती, ती दोन्ही गटांत अर्ध्या किलोच्याही खाली आली. म्हणजे प्रथिन, कॅलरी आणि नियमित लक्ष यांनीच बरंच काही केलं असावं. दुसरं, दिवसाला दोन डबे प्यायचे ठरले होते, रुग्णांनी सरासरी १.४ प्यायले. ज्याला जेवण नको झालंय त्याला माशाचा वास येणारं पेय दोनदा प्यायला लावणं किती अवघड, हे सांगायला नको. तिसरं, साध्या पेयाच्या गटातल्या काहींच्या रक्तात ईपीए वाढलेलं सापडलं. त्यांनी बाहेरून गोळ्या घेतल्या होत्या. जीव वाचवायला निघालेला माणूस संशोधकाचा नियम किती पाळणार? ज्यांनी पेय नेमाने घेतलं, त्यांच्यात ईपीएचं प्रमाण आणि स्नायूंची वाढ यांचं नातं दिसलं. असा मागाहून काढलेला निष्कर्ष पुरावा म्हणून कच्चा असतो, हे संशोधकांनाही ठाऊक होतं.

पुढची काही वर्षं निराशेची गेली. २००४ मध्ये उत्तर अमेरिकेत ४२१ रुग्णांवर ईपीएचं पेय आणि भूक वाढवणारं मेजेस्ट्रॉल यांची तुलना झाली. दहा टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले मेजेस्ट्रॉलवर शंभरात १८, ईपीएवर ६, दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ११. २००६ मध्ये फिअरन यांनीच ५१८ रुग्णांवर शुद्ध ईपीए तपासलं. दोन ग्रॅमच्या गटात वजनाचा फरक सव्वा किलोच्या आसपास होता, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. चार ग्रॅमच्या गटात फरक त्याहूनही कमी. आशा जागवणाऱ्यानेच ती स्वतःच्या मोठ्या चाचण्यांतून खाली आणली, आणि तसं छापलंही. असं फार थोडे करतात. फिअरन २०१६ मध्ये गेले.

यानंतर प्रश्न नव्याने विचारला गेला तो कॅनडातल्या एडमंटनमध्ये. तिथल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने वजनकाट्यावर विसंबणं सोडलं. कर्करोगाच्या रुग्णांचे सीटी स्कॅन होतातच. त्यातल्या कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी घेतलेल्या एका छेदावरून शरीरातल्या स्नायूंचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी रूढ केलं. वरून स्थूल दिसणाऱ्या माणसाचे स्नायूही आतून संपलेले असू शकतात, हे त्यामुळेच पुढे आलं. २०११ साली त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ४० रुग्णांकडे केमोच्या सुरुवातीपासून पाहिलं. माशाचं तेल घेणाऱ्या १६ जणांपैकी ६९ टक्क्यांनी स्नायू राखले किंवा वाढवले. न घेणाऱ्यांत हे प्रमाण २९ टक्के होतं. संख्या लहान, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. तरीही उपचाराची वेळ बदलली की उत्तर बदलू शकतं, ही सूचना त्यात होती.

तोच पुरावा, दोन निकाल

आज या क्षेत्रात साधारण तीन भूमिका आहेत. पहिली संशयाची. अमेरिकेतल्या वैद्यकीय कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली म्हटलं की ओमेगा-३ ची शिफारस करण्याइतका किंवा नको म्हणण्याइतका पुरावा नाही. दुसरी सावध होकाराची. युरोपीय पोषणसंस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात सांगितलं की केमो चालू आहे, आजार पुढे गेला आहे आणि वजन घटण्याचा धोका आहे, अशांना माशाचं तेल द्यायचं सुचवता येईल. त्यांनी स्वतःच ही शिफारस ‘कमकुवत’ आणि पुरावा ‘खालच्या दर्जाचा’ ठरवला. फरक पुराव्याचा कमी, वृत्तीचा जास्त आहे. एकाला वाटतं, अपाय कमी तर देऊन पाहायला हरकत नाही. दुसऱ्याला वाटतं, सिद्ध झालेलं नाही ते रुग्णाच्या खिशावर का टाकायचं? दोन्ही म्हणणी मला रास्त वाटतात.

तिसरी भूमिका म्हणते की एकच गोष्ट देऊन पाहणंच चुकीचं. झीज अनेक बाजूंनी होते, म्हणून उपायही एकत्र हवेत. यातून ‘मेनॅक’ ही चाचणी उभी राहिली: ओमेगा-३ असलेलं पेय, आहारसल्ला, व्यायाम आणि दाह कमी करायला आयबुप्रोफेन, हे सगळं केमोबरोबर. फुप्फुस आणि स्वादुपिंडाचा कर्करोग झालेले २१२ रुग्ण, सहा आठवडे. २०२४ मध्ये निकाल मांडले गेले. उपचारगटाचं वजन स्थिर राहिलं, दुसऱ्या गटाचं सरासरी एक किलो घटलं. स्नायूंच्या मापात आणि चालण्यात मात्र फरक आढळला नाही. वजन राखलं पण स्नायू नाही, याचा अर्थ काय लावायचा यावर अजून एकमत नाही.

दरम्यान औषधं पुढे सरकली. पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज अडीच मिलिग्रॅम ओलान्झापिन दिल्यावर ६० टक्क्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं, नुसत्या दिखाऊ गोळीवर ९ टक्क्यांचं. हे स्वस्त, जुनं औषध आता अमेरिकी मार्गदर्शनातही आलं आहे. २०२४ मध्ये जीडीएफ-१५ या भूक मारणाऱ्या रेणूला अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅबने बारा आठवड्यांत वजन जवळपास तीन किलोंपर्यंत वाढवल्याचं दिसलं. मेदाम्लांचा वाद आता या औषधांच्या शेजारी बसून चालणार आहे.

पाकिटावरचे आकडे

चाचण्यांतली मात्रा साधारण दिवसाला दोन ग्रॅम ईपीए. आता औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या माशाच्या तेलाच्या साध्या गोळीचं पाकीट उलटून बघा. पुढे ठळक अक्षरात १००० मिलिग्रॅम, मागे बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२०. म्हणजे चाचणीतली मात्रा गाठायला दिवसाला अकरा गोळ्या. जिभेवर फोड, घसा सुजलेला, पाणी गिळताना ठसका, अशा माणसाला अकरा गोळ्या कोण गिळवणार? रोज एक गोळी घेणारा तेलाच्या नावाखाली मानसिक समाधान विकत घेतो, एवढंच म्हणता येईल. जास्त सांद्र गोळ्या मिळतात, त्या महाग असतात. मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो, हेही दुसऱ्या अभ्यासांतून पुढे आलं आहे.

जवसाचं गणित आणखी स्पष्ट आहे. पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत जवसातल्या ओमेगा-३ वर बरंच काम झालं आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातून इथे आलेल्या घरांत जवसाची चटणी असतेच. पण जवसात असतं ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल. शरीर त्याचं ईपीए करतं, पण शेकडा दहाच्या आतच. दहा ग्रॅम जवसात हे आम्ल साधारण दोन ग्रॅम, त्यातून ईपीए फार तर दोनशे मिलिग्रॅम. सूर्यफूल किंवा करडईच्या तेलातलं लिनोलेइक आम्ल त्याच एन्झाइमांसाठी स्पर्धा करत असल्यामुळे हा आकडा आणखी खाली येऊ शकतो. चटणी खावी, चवीसाठी आणि पोटासाठी. तिला माशाच्या तेलाचा पर्याय समजू नये.

बांगडा आणि तारली हे मासे ओमेगा-३ ने समृद्ध आणि तुलनेने स्वस्त. पिंपरी-चिंचवडमधल्या केरळी घरांत तारली आवडीने खाल्ली जाते. त्यात प्रथिनही असल्याने गोळीपेक्षा हा सौदा बरा. मात्र मूळचं शाकाहारी घर, किंवा वारीची माळ घातलेला रुग्ण असेल तर हा मार्ग बंद होतो. अशा घरांसाठी दिल्लीच्या एम्समधला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. तिथे कॅकेक्सिया झालेल्या स्त्रियांना हरभरा, सातू, सोयाबीन, जवस आणि राजगिऱ्याच्या जातीतली पालेभाजी यांचं पीठ रोजच्या कणकेत मिसळून सहा महिने दिलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, पीठ न घेणाऱ्यांचं वजन घटलं, तर घेणाऱ्यांची चरबी सुधारली. ६३ रुग्णांचाच अभ्यास, आणि श्रेय जवसाला की बाकीच्या घटकांना, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पण आपल्याकडच्या स्वयंपाकघरातून सुरू होणारा असा अभ्यास विरळाच.

अजून न सुटलेलं

सर्वांत मोठा पेच रुग्ण कोण याचा आहे. वर आलेल्या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण स्वादुपिंडाचे किंवा फुप्फुसाचे. आपल्याकडे चित्र निराळं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले जवळपास एक चतुर्थांश प्रौढ खैनी, मिश्री यांसारखा धूर नसलेला तंबाखू वापरणारे निघाले. तोंडाचा कर्करोग हा इथल्या पुरुषांचा मोठा आजार. त्यात तोंड उघडत नाही, चावता येत नाही, किरणोपचारात लाळ आटते. वजन घटतं ते काही उपासाने, काही दाहाने. किती कशाने, हे रुग्णागणिक बदलतं. नाकातल्या नळीतून डाळीचं पाणी आणि फळांचा रस जाणाऱ्या माणसावर ईपीएचा परिणाम शोधण्यात अर्थ नाही. युरोपीय शिफारशीप्रमाणे ५० किलोच्या रुग्णाला रोज १२५० ते १५०० कॅलरी आणि किमान ५०, शक्य तर ७५ ग्रॅम प्रथिन लागतं. वरणाच्या निवळीत यातलं जवळपास काहीच नसतं. दूध, अंडं, दाण्याचं कूट, सोयाबीनचं पीठ, मऊ पनीर यांनी ते भरून काढावं लागतं.

दुसरा पेच केमोचा. नेदरलँड्समधल्या एमिल वूस्ट यांच्या गटाला उंदरांत दिसलं की माशाच्या तेलातलं एक विशिष्ट मेदाम्ल सिस्प्लाटिनसारख्या केमोचा परिणाम बोथट करतं. २०१५ मध्ये त्यांनी निरोगी माणसांत दाखवलं की माशाचं तेल घेतल्यावर, तसंच हेरिंग आणि मॅकरेल खाल्ल्यावर हे मेदाम्ल रक्तात वाढतं. म्हणून केमोच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत ते टाळावं, असं त्यांनी सुचवलं. उलट, एडमंटनच्या ४६ रुग्णांच्या अभ्यासात सिस्प्लाटिनच्याच प्लॅटिनम वर्गातल्या केमोबरोबर माशाचं तेल घेणाऱ्यांत केमोला प्रतिसाद देणारे जास्त निघाले. एकीकडे उंदीर, दुसरीकडे मूठभर माणसं, आणि दोन्ही उत्तरं एकमेकांविरुद्ध. तोंड-घशाच्या कर्करोगात किरणोपचाराबरोबर सिस्प्लाटिनच दिलं जातं, त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी राहत नाही.

हे प्रश्न पडताळणारी चाचणी इथे होऊ शकत नाही, असं मानायचं कारण नाही. सिस्प्लाटिन आठवड्याला थोडं द्यावं की तीन आठवड्यांनी एकदम, हे टाटा मेमोरियलने डोकं-मानेच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर तपासलं आणि २०१८ मध्ये निकाल छापला. तेच रुग्ण, तेच सीटी स्कॅन, आणि सोबत बांगडा, जवस, दाण्याचं कूट असलेला इथला आहार, एवढं जुळवलं तर मेदाम्लांच्या वादात महाराष्ट्राचं उत्तर पहिल्यांदा येईल.

तोवर रुग्णाच्या घरच्यांना एवढंच सांगणं आहे: पहिल्या तपासणीच्या दिवशी वजन करा, केसपेपरवर तारखेसह लिहून घ्या आणि दर आठवड्याला त्याच काट्यावर पुन्हा करा. पाच टक्के, म्हणजे साठ किलोंतले तीन किलो, उतरले की थांबू नका, डॉक्टरांना सांगून आहारतज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. तेल-तूप बंद करू नका. प्रथिन मोजा. माशाच्या तेलाची गोळी सुरू करायची असेल तर केमो देणाऱ्या डॉक्टरांना आधी पाकीट दाखवा, आणि चालू असेल तर केमोच्या आदल्या दिवशी घ्यायची की नाही हे त्यांनाच विचारा.